झाड, परवाना आणि दहा वर्षांची हमी

दि. १३ मे २०२४ रोजी मुंबईत वळवाच्या पावसाबरोबर आलेल्या वादळात घाटकोपर येथील एका पेट्रोल पंपावर प्रचंड जाहिरातफलक कोसळला आणि सतरा माणसे प्राणास मुकली. हा फलक १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. महापालिकेच्या नियमानुसार फलक ४० फूट बाय ४० फुटांहून मोठा असता कामा नये. म्हणजे क्षेत्रफळाच्या हिशेबाने तो मर्यादेच्या नऊपट होता. दुर्घटनेनंतर खुलासे आणि प्रतिखुलासे यांची जी चढाओढ लागली ती वाचकांच्या स्मरणात असेल. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील, फलकाला परवानगी त्यांनी दिलेली, आमचा परवाना मुळी घेतलेलाच नव्हता, असे महापालिकेचे म्हणणे पडले. आणि अशा जागेवर महापालिकेचा परवाना हवाच कशाला, हा वाद तर त्याआधीपासून चालत आलेला होता. दोष कोणाचा याचा निर्णय चौकशीने आणि न्यायालयांनी करावयाचा आहे. येथे लक्ष वेधावयाचे आहे ते त्या प्रकरणातील एका लहानशा, लवकर विसरल्या गेलेल्या तपशिलाकडे. फलकाच्या परिसरातील काही झाडे विष घालून मारण्यात आली, अशी तक्रार खुद्द महापालिकेने पोलिसांकडे नोंदविली होती. झाडे वाढली की फलक रस्त्यावरून दिसत नाही, एवढेच त्यामागील कारण असावे असा संशय होता.

म्हणजे एकाच संस्थेच्या एका खात्याच्या कागदांवर मरणारी झाडे होती आणि दुसऱ्या खात्याच्या कागदांवर वाढलेला फलक होता. दोन्ही कागद एकत्र ठेवून वाचण्याचे काम मात्र कोणाकडेच नव्हते.

अशा वेळी ‘समन्वयाचा अभाव’ असे म्हणून आपण मोकळे होतो. हे निदान प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते. महापालिकांत बैठकांचा तोटा आहे असे त्यांचा कारभार जवळून पाहणारा कोणी म्हणणार नाही. उणीव आहे ती हिशेबाच्या पद्धतीत. महापालिका दिलेल्या गोष्टी मोजते, टिकलेल्या गोष्टी मोजत नाही. वर्षभरात किती परवाने दिले, किती रोपे लावली, किती किलोमीटर रस्त्यावर डांबर पडले, हे आकडे अहवालात ठळकपणे येतात. परवान्याच्या अटी तिसऱ्या वर्षी पाळल्या जात आहेत काय, लावलेल्या रोपांपैकी पाचव्या पावसाळ्यात किती जिवंत आहेत, रस्ता सातव्या वर्षी कोणत्या अवस्थेत आहे, या प्रश्नांसाठी अहवालात रकानाच नसतो. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते आणि त्याबरोबर संस्थेची स्मरणशक्तीही संपते.

परवान्याचा बाजार

‘परमिट-लायसन्स राज’ हा शब्द राजाजींनी रूढ केला तो केंद्र सरकारच्या आर्थिक धोरणावर टीका करताना. १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांवरील परवानापद्धती रद्द झाली आणि कारखानदार मोकळा झाला. नाक्यावर चहाची टपरी टाकू पाहणारा माणूस मात्र होता तेथेच राहिला. उदारीकरणाचे गोडवे गाणारे आणि त्यावर आसूड ओढणारे असे दोन्ही पक्षांचे अर्थतज्ज्ञ या माणसाला सारखेच विसरले आहेत.

अॅन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ स्त्रीने १९७४ मध्ये लिहिलेला एक निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असतो. भारत आणि तुर्कस्तान येथील आयात परवान्यांची उदाहरणे घेऊन त्यांनी असे दाखविले, की परवाना दुर्मीळ केला की त्या दुर्मीळतेलाच किंमत येते, आणि ती किंमत पदरात पाडून घेण्यासाठी माणसे जो वेळ व पैसा खर्च करतात तो समाजाच्या दृष्टीने वाया जातो. वर्गात हे शिकविताना आयात परवान्यांचे उदाहरण आता चालत नाही. मुलांना ते इतिहासातले वाटते. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरील वडापावच्या गाडीचे उदाहरण दिले की वर्गातल्या शेवटच्या बाकालाही मुद्दा समजतो.

फेरीवाल्यांसंबंधीचा केंद्रीय कायदा २०१४ मध्ये झाला. त्यापूर्वी जवळजवळ तीस वर्षे, १९८५ च्या मुंबईतील फेरीवाल्यांच्या खटल्यापासून, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर या ना त्या रूपात येतच होता. नव्या कायद्याने शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घेण्याची तरतूद केली, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण सक्तीचे केले आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सभासद फेरीवाल्यांतून निवडून आलेले असावेत असे ठरविले. मुंबईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी २४ लाख. तिचे अडीच टक्के म्हणजे सुमारे तीन लाख. प्रत्यक्षात या समितीची निवडणूक २०२४ मध्ये झाली तेव्हा मतदानास पात्र ठरलेले फेरीवाले होते सुमारे ३२ हजार, तेही २०१४ च्या सर्वेक्षणावरून. उरलेले कोठे आहेत हे सांगण्यास संशोधकाची गरज नाही. कोणत्याही उपनगरी स्थानकाबाहेर पाच मिनिटे उभे राहावे. ते धंदा करीतच आहेत आणि त्याची किंमतही रोज मोजीत आहेत. फक्त ती महापालिकेच्या तिजोरीत जमा होत नाही.

यावरून परवानेच रद्द करावेत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो घाईचा ठरेल. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल परिसरातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत चौदा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच महापालिकेने शहरभरच्या उपाहारगृहांतील शेकडो बेकायदा बांधकामे पाडून टाकली. दोन दिवसांत जी दिसली ती आदल्या आठवड्यापर्यंत कोणास दिसत नव्हती काय? परवाना देताना अर्जदाराकडून दाखल्यांची चळत मागितली जाते. एकदा परवाना हाती पडला की मधल्या काळात त्या जागेकडे फिरकून पाहणे हे कोणाचेच अग्रक्रमाचे काम राहत नाही. गरिबासाठी परवाना अशक्य आणि धनिकासाठी परवाना निरर्थक, अशी ही व्यवस्था होऊन बसली आहे. वास्तविक परवाना हा एक करार आहे. त्यात एका बाजूस धंदा करणारा असतो आणि दुसऱ्या बाजूस शहर असते. करारावर सही झाल्यावर शहराने पाठ फिरवावयाची नसते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना करंज आहे. त्याच्याखाली एक गृहस्थ सायकली दुरुस्त करीत बसतात. अलीकडे सायकली कमी झाल्यामुळे कुलपांच्या किल्ल्याही करून देतात. काही वर्षांपूर्वी गल्लीचे काँक्रीटीकरण झाले तेव्हा ठेकेदाराच्या माणसांनी करंजाच्या बुंध्याला अगदी खेटून काँक्रीट ओतले. आम्हा सुशिक्षित रहिवाशांपैकी काहींनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला, त्यावर सह्या गोळा केल्या, तो संबंधित कार्यालयात देऊन पोचपावती घेतली. पुढे त्या अर्जाचे काय झाले कळले नाही. या गृहस्थांनी मात्र सायंकाळी धंदा आटोपल्यावर छिन्नी-हातोडा घेऊन आठवडाभरात बुंध्याभोवतीचे काँक्रीट हातभर फोडून काढले आणि तेथे आळे केले. त्यानंतर दोनदा अतिक्रमण विभागाची गाडी येऊन त्यांचे सामान उचलून घेऊन गेली. दंडाची पावती त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवली आहे. आपण येथे बसतो याचा पुरावा म्हणून महापालिकेने दिलेला तेवढा एकच कागद त्यांच्यापाशी आहे.

रोप आणि वृक्ष

महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ सालचा आहे. त्या काळाच्या मानाने तो खरोखर पुढारलेला कायदा होता. प्रत्येक नगरपालिकेत वृक्ष प्राधिकरण, वृक्ष अधिकारी, ठरावीक मुदतीने वृक्षगणना, तोडीपूर्वी जाहीर सूचना, हरकती, हे सारे त्यात आहे. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावीत व सात वर्षे त्यांची निगा राखावी असे ठरले. हेतू स्तुत्य आहे याबद्दल दुमत नाही. पण हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे.

साठ वर्षांच्या वडाबद्दल साठ रोपे, हे समीकरण कागदावर उदार दिसते. परंतु ज्या बसथांब्यावर त्या वडाची सावली पडत होती तेथे उद्या सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने साठ रोपांची बेरीज शून्य आहे, आणि पुढची वीस वर्षे ती शून्याच्या आसपासच राहणार आहे. शिवाय ती साठ रोपे त्या बसथांब्यावर लागत नाहीत. ती शहराच्या वेशीबाहेर जेथे मोकळी जागा सापडेल तेथे लागतात. आज मिळणारा रुपया आणि वीस वर्षांनी मिळणारा रुपया यांची किंमत एक नव्हे, ही गोष्ट बँकेतील कनिष्ठ लिपिकही जाणतो. झाडांच्या बाबतीत मात्र आपले शासन ती सहज विसरते.

२०१८ मध्ये जाहीर झालेल्या मुंबईच्या वृक्षगणनेनुसार शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे होती. आकडा ऐकून बरे वाटते. पण त्यांतील रस्त्यांच्या कडेची झाडे दोन लाखांहूनही कमी होती. उरलेली खाजगी आवारांत, सरकारी जागांत आणि उद्यानांत. चालणाऱ्या माणसाच्या वाट्याला येणारे झाड ते हेच, आणि रस्त्याचे प्रत्येक काम, प्रत्येक गटार, प्रत्येक केबल, प्रत्येक दुकानाची पाटी यांच्याशी झगडावे लागते तेही यालाच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांसंबंधीच्या एका प्रकरणात २०१३ मध्येच बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला. आपल्या गावी कोठल्याही नव्या काँक्रीटच्या रस्त्यावर फूटपट्टी घेऊन जावे आणि किती सेंटिमीटर भरतात ते पाहावे.

येथे हिशेबशास्त्रातील एक विसंगती सांगितल्यावाचून राहवत नाही. महापालिकेच्या इमारती, वाहने, पंप, रस्ते या साऱ्यांची किंमत वर्षागणिक घटते. त्यावर घसारा धरावा लागतो. रस्त्याकडेचे निरोगी झाड ही एकच मालमत्ता अशी, की जिचे मोल निदान पन्नास-साठ वर्षे वाढतच जाते. आणि नेमकी हीच मालमत्ता ताळेबंदात नसते. तेथे रोपे, खत, कुंपणाच्या जाळ्या आणि टँकरचे पाणी यांचा खर्च असतो. परिणामी झाड पडले की पालिकेचे काही गेले असे कोणत्याही पुस्तकात दिसत नाही. उलट ओंडके लिलावात गेले तर चार पैसे जमेच्या बाजूसच पडतात.

एका रस्त्याची गोष्ट

सारे काही असेच चालावयाचे, असे मानणाऱ्यांसाठी पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण आहे. पुणेकरांना ते ऐकून ऐकून पाठ झाले असेल. त्यातील अर्थशास्त्राकडे मात्र फारसे कोणी पाहिलेले नाही. १९७०च्या दशकात पावसाळ्यागणिक रस्त्यांची चाळण होत असता स्थायी समितीचे त्या वेळचे अध्यक्ष श्रीकांत शिरोळे यांनी पुढाकार घेतला आणि हे काम रेकॉन्डो या कंपनीला देण्यात आले. ती दोघा पारशी बंधूंची होती. १९७६ मध्ये झालेल्या या कामाची अट अशी होती, की दहा वर्षे रस्त्यावर खड्डा पडणार नाही, आणि पडल्यास कंपनी तो स्वखर्चाने बुजवील. सर्वांत कमी दर हा येथे निकष नव्हता. हमी हा होता. दहा वर्षे संपली, आणखी कित्येक वर्षे गेली, बालगंधर्व रंगमंदिरावरून जाणारा तो रस्ता शाबूतच राहिला. त्यानंतर त्या कंपनीला शहरात फारसे काम मिळाल्याचे ऐकिवात नाही. ज्या बाजारात टिकाऊ माल विकणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईक मिळत नाही, त्या बाजाराची रचनाच तपासली पाहिजे. दरवर्षी उखडणारा रस्ता हा नागरिकांचा तोटा असला तरी दरवर्षी निघणाऱ्या निविदेचा तो आधार आहे.

आता हमीची अट कागदावर सर्वत्र आली आहे. मुंबईत २०२३ मध्ये सुमारे चारशे किलोमीटर रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाचे सहा हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे काम काढण्यात आले. अशा काँक्रीटच्या रस्त्यांसाठी दोषदायित्वाची मुदत दहा वर्षांचीच आहे. म्हणजे अर्धशतकापूर्वी पुण्यात जे अपवाद म्हणून घडले ते आता नियम म्हणून लिहिले जाते. मग फरक कोठे पडतो? पुण्यात रस्ता एक होता, कंपनी एक होती, आणि खड्डा पडल्यास कोणाकडे बोट दाखवावयाचे हे शाळकरी मुलालाही माहीत होते. आज रस्ता एकाने बांधावयाचा, सहा महिन्यांनी जलवाहिनीसाठी दुसऱ्याने फोडावयाचा, बुजवावयाचा तिसऱ्याने, आणि चौथ्या वर्षी खड्डा पडला की पहिल्याने म्हणावयाचे, की फोडलेल्या रस्त्याची हमी मी दिली नव्हती. तो चुकीचे बोलतो असेही म्हणता येत नाही. आणि त्या रस्त्याच्या कडेची मुळे तुटून पुढल्या पावसाळ्यात जे झाड कोलमडते, ते तर कोणाच्याच हमीत नसते.

महाराष्ट्रात नगरपालिकेच्या सभागृहात बसून असे प्रश्न विचारण्याची परंपरा जुनी आहे. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते स्वतः सार्वजनिक बांधकामांचे ठेकेदार होते, दगड-चुन्याचे भाव आणि अंदाजपत्रकांतील गोम त्यांना ठाऊक होती. १८८० मध्ये लॉर्ड लिटन यांच्या पुणेभेटीच्या समारंभासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्याला विरोध करणारे ते एकटेच होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध त्यांनी नगरपालिकेस लिहिले. म्हणजे परवान्यांचा प्रश्न त्यांनीही काढला होता, आणि तो महसुलाच्या नव्हे तर परिणामाच्या अंगाने काढला होता. मोठ्या खर्चाच्या नव्या मंडईलाही त्यांचा विरोध होता. ती मंडई रे मार्केट या नावाने १८८६ मध्ये उघडली, आणि आज ती महात्मा फुले मंडई म्हणून ओळखली जाते. ज्या सभासदाने विरोध केला त्याचेच नाव त्या वास्तूला मिळाले, यात विनोद पाहावा की न्याय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अलीकडच्या काळात मात्र प्रश्न विचारणारे सभागृहच नव्हते. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १९९३ पासून अमलात आली, नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले. असे असता मुंबई, पुणे आदी महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झाले ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. खर्चाचा प्रस्ताव त्यांचा, स्थायी समितीची मंजुरीही त्यांची, आणि वृक्ष प्राधिकरणातही लोकांचा प्रतिनिधी नाही. हे अधिकारी अकार्यक्षम होते असे येथे सुचवावयाचे नाही; त्यांच्यापैकी काहींनी चांगली कामे केली. परंतु मागणारा आणि मंजूर करणारा एकच असला की हिशेब तपासण्याचे कारणच उरत नाही. पूर्वीचे नगरसेवक फार दक्ष होते असाही दावा कोणी करू नये. प्रभागात पेव्हर ब्लॉक बसविण्यापलीकडे ज्यांची दृष्टी गेली नाही असे अनेक आपण पाहिले आहेत.

नव्या सभागृहांकडून फार मोठ्या सुधारणांची अपेक्षा न करता दोन-तीन साध्या गोष्टी मागता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी तो कोणी केला, किती रुपयांना केला आणि त्याची हमी कोणत्या तारखेला संपते याची पाटी असावी. तो रस्ता फोडण्याची परवानगी दुसऱ्यास देताना उरलेल्या हमीचा भार त्याच्याकडे लेखी जावा, आणि बुंध्याभोवतीची मोकळी जागा मोजून दिल्याशिवाय ठेकेदाराचे अखेरचे बिल निघू नये. अंदाजपत्रकासोबत नव्या रोपांचा आकडा येतो तसा पाच वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी जगलेल्यांचाही यावा. अटी तपासण्याचे काम परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे नसावे. आणि पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण कायद्यात लिहिल्याप्रमाणे पाच वर्षांनी खरोखर व्हावे. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, आणि खर्च म्हणाल तर पाट्यांच्या रंगाएवढा.

या पावसाळ्यात करंजाच्या आळ्यात पाणी मुरले. किल्ल्यांची पेटी पुन्हा त्याच्याखाली आली आहे. सर्वेक्षणाला कोणी आलेच तर दाखविता यावी म्हणून पावतीची पिशवी त्या पेटीच्या तळाशी ठेवलेली असते. अद्याप कोणी आलेले नाही.